बुडत्या बेटांचं कूळ

हवाईतल्या होनोलुलूपासून आठ-नऊशे किलोमीटर वायव्येला फ्रेंच फ्रिगेट शोल्स नावाचं कंकणद्वीप आहे. हवाईचे मूळ लोक त्याला लालो म्हणतात. चंद्रकोरीसारखी प्रवाळाची कड, तिच्या पोटात उथळ निळं पाणी आणि पांढऱ्या वाळूचे चिमुकले पट्टे, असा सगळा चुन्याचा पसारा. त्यात एकच सुळका काळा आहे, साधारण ३७ मीटर उंच. सह्याद्रीत भटकणाऱ्याला तो दगड ओळखू येईल, कारण तो बेसाल्ट आहे, ज्वालामुखीचा कातळ. १७८६ मध्ये ला पेरूज या फ्रेंच दर्यावर्दीची जहाजं इथे फुटता फुटता वाचली. सुळक्याला त्याचंच नाव आहे. इथे एकेकाळी उंच डोंगरी बेट होतं, याची पाण्यावर उरलेली खूण एवढीच.

डोंगर बुडाला, मग त्याची कड कशी तरली? याचं उत्तर चार्ल्स डार्विनला खरी प्रवाळभिंत पाहण्याआधीच सुचलं होतं. १८३५ मध्ये चिलीच्या भूकंपाने किनारा उचलला गेलेला त्याने पाहिला. जमीन एकीकडे वर येत असेल, तर दुसरीकडे समुद्रतळ खचतही असणार, असं त्याने ताडलं. भिंती बांधणारं प्रवाळ उथळ, उबदार पाण्यातच फोफावतं. त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं उन्हावर अन्न करतात आणि यजमानालाही पोसतात, हे पुढे कळलं. नव्या ज्वालामुखी बेटाला आधी किनाऱ्यालगत प्रवाळाची कड धरते. बेट हळूहळू खचू लागतं, पण प्रवाळ उजेड सोडत नाही. मेलेल्या पिढीच्या सांगाड्यांवर पुढची पिढी चढते. किनारा आत सरकत जातो, कड जागच्या जागी वाढते, मध्ये पाणी शिरतं. शिखरही बुडालं की उरतं ते कंकण.

डार्विनचं पुस्तक १८४२ मध्ये आलं आणि वाद शतकभर चालला. कोणा धनवंताने एखाद्या कंकणद्वीपात खोल छिद्र पाडून पाहावं, अशी इच्छा त्याने उतारवयात एका पत्रात लिहिली होती. पॅसिफिकमधल्या फुनाफुटी कंकणद्वीपावर १८९६ ते १८९८ या काळात ते करून पाहिलं. सुमारे ३४० मीटर गेले तरी प्रवाळाचा चुनाच लागत राहिला. तळाचा कातळ शेवटी १९५२ मध्ये तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात असलेल्या एनेवेटाक कंकणद्वीपावर लागला, सव्वा किलोमीटरहून खोल. डार्विन बरोबर ठरला. मात्र हा शोध अणुचाचण्यांच्या तयारीत लागला, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला त्याच कंकणावर पहिला हायड्रोजन बॉम्ब फुटला. एलुगेलाब हे त्यातलं बेट नकाशावरून पुसलं गेलं. ज्ञानाच्या इतिहासातलं हे पान मला शांतपणे वाचता येत नाही. हवाईच्याच माळेतल्या मिडवे कंकणावर १९६५ मध्ये पाडलेल्या छिद्रांतही चुन्याखाली बेसाल्टच मिळाला.

हवाईत तर अख्खी वंशावळ एका ओळीत मांडलेली आहे. आग्नेयेला ज्वालामुखी अजून धगधगतोय. वायव्येला जावं तशी बेटं जुनी, झिजलेली, बुटकी होत जातात. १८४० च्या सुमारास अमेरिकी मोहिमेबरोबर आलेल्या जेम्स ड्वाइट डाना यांनी हा क्रम हेरला होता. कारण १९६३ मध्ये टुझो विल्सन यांनी मांडलं. खोलातून लाव्हा वर पाठवणारी तप्त जागा खाली स्थिर आहे, वरचं भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सरकतंय. आपलंही याच तऱ्हेचं एक कूळ आहे. ज्या तप्त जागेतून दख्खनचा लाव्हा आला, तिच्याच मागाच्या डोंगररांगेवर मालदीव आणि लक्षद्वीपची कंकणं उभी आहेत, असं भूवैज्ञानिक मानतात.

कुमुलिपो या हवाईच्या वंशगाथेत काळोखातून पहिल्याने जन्मतं ते प्रवाळ. बाकीचे जीव मागून येतात. सत्ता गेलेल्या राणी लिलिउओकलानी यांनी तिचं इंग्रजी भाषांतर १८९७ मध्ये छापलं. या पाण्यात तो क्रम अक्षरशः खरा वाटतो. पोपटमासा चोचीने चुना खरवडतो, पचवतो आणि वाळू करून टाकतो. त्या वाळूवर मंक सील पिल्लांना पाजते. हवाईच्या हिरव्या कासवांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक माद्या लालोच्या पुळणींवर अंडी घालतात. मिडवेवर लेसन अल्बट्रॉसची जगातली सर्वांत मोठी वसाहत आहे. १९५६ मध्ये पायात कडी घातलेल्या एका मादीने २०२४ मध्येही अंडं दिलं. कुरे कंकणाजवळ नव्वदेक मीटर खोल उतरलेल्या पाणबुड्यांना काही ठिकाणी दिसलेले सगळेच मासे फक्त हवाईतले होते.

कुरे जगातलं सर्वांत उत्तरेकडचं कंकणद्वीप. पाणी थंड होत जातं तशी प्रवाळाची वाढ मंदावते. रिचर्ड ग्रिग यांनी १९८२ मध्ये मोजून दाखवलं की हवाई बेटाशी वर्षाला ११ मिलिमीटर चढणारी भिंत कुरेशी ०.२ मिलिमीटरवर येते. त्यापलीकडे खचणं जिंकतं. पुढे हजारो किलोमीटर पाण्याखाली एम्परर पर्वतांची रांग पसरली आहे.

ही शर्यत लाखो वर्षांच्या हिशेबाची आहे. तापणाऱ्या समुद्राचा हिशेब वेगळा. या वायव्येकडच्या बेटांभोवतीचं पापाहानाउमोकुआकेआ हे संरक्षित क्षेत्र २००६ मध्ये जाहीर झालं, २०१६ मध्ये पंधरा लाख चौरस किलोमीटरपर्यंत वाढलं. तरी मधल्या २०१४ साली त्यातल्या लिसियान्स्की बेटाभोवतीचं प्रवाळ उष्ण पाण्याने पांढरं पडलं, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये वलाका चक्रीवादळाने लालोतलं ईस्ट आयलंड जवळजवळ वाहून नेलं. कासवं सर्वांत जास्त घरटी करायची ती याच बेटावर.