मिग-२१ विमान : ओझर येथील निर्मिती व सुरक्षिततेचा प्रश्न

भारतीय वायुसेनेचे पहिले स्वनातीत (ध्वनीपेक्षा अधिक वेगाचे) लढाऊ विमान. सोव्हिएट रशियातील मिकोयान व गुरेविच यांच्या अभिकल्प संस्थेने ते १९५० नंतरच्या दशकात तयार केले. निरनिराळ्या देशांत मिळून या प्रकारची ११,००० हून अधिक विमाने बांधली गेली. इतक्या मोठ्या संख्येने बांधले गेलेले दुसरे स्वनातीत लढाऊ विमान नाही. भारतात १९६३ ते २०२५ अशी बासष्ट वर्षे ते सेवेत होते. या काळात त्याने युद्धांत नाव मिळविले; तथापि त्याच्या अपघातांमुळे यंत्राची सुरक्षितता व ती राखण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्नही सतत उपस्थित होत राहिला.

भारत व सोव्हिएट रशिया यांच्यात या विमानाविषयीचा करार १९६२ मध्ये झाला. विमानांची पहिली तुकडी १९६३ मध्ये चंडीगढ येथे उभी राहिली. परवान्याखाली निर्मिती करण्यासाठी त्याच वर्षी एरॉनॉटिक्स इंडिया लि. ही कंपनी स्थापन झाली व १ ऑक्टोबर १९६४ रोजी तिचे हिंदुस्थान एरॉनॉटिक्स लि. या कंपनीत विलीनीकरण झाले. विमानाचे सांगाडे नासिक जिल्ह्यातील ओझर येथे, एंजिने ओरिसातील कोरापुट येथे व इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे, अशी कामाची वाटणी करण्यात आली. यशवंतराव चव्हाण त्या वेळी संरक्षणमंत्री होते व १९६३ मध्ये ते नासिक मतदारसंघातूनच लोकसभेवर बिनविरोध निवडून आले होते. निफाड तालुक्यातील द्राक्षे व कांदा पिकविणाऱ्या या भागात धावपट्टी, कारखाना व कामगारांची वसाहत उभी राहिली.

ओझर येथे आरंभी रशियाहून आलेल्या भागांची केवळ जोडणी होत असे. पुढे कच्च्या मालापासून सबंध सांगाडा तयार होऊ लागला व असे पहिले विमान १९७० मध्ये वायुसेनेच्या स्वाधीन करण्यात आले. एफएल, एम व बिस हे तीन प्रकार येथे क्रमाक्रमाने बांधले गेले. १९७१ च्या युद्धात एफएल विमानांनी पाकिस्तानची एफ-१०४ जातीची विमाने पाडली आणि १४ डिसेंबर रोजी डाक्क्याच्या राजभवनावर अचूक मारा केला.

विमानाची रचना : शत्रूच्या बाँबफेकी विमानांना अल्पावधीत उंचीवर गाठणे, हा या विमानाचा मूळ उद्देश होता. त्यासाठी त्याला एकच शक्तिमान एंजिन, निमुळते शरीर व लहान त्रिकोणी पंख देण्यात आले. हेच गुण अवतरणाच्या वेळी अडचणीचे ठरत. पंख लहान असल्याने विमानाला कमी वेगात हवेत तोलून धरता येत नाही. त्यामुळे धावपट्टीकडे येताना वेग ताशी ३०० किमी.पेक्षा अधिक ठेवावा लागे. पक्षी आत शिरून किंवा अन्य कारणाने एंजिन बंद पडल्यास दुसऱ्या एंजिनाचा आधार नव्हता. प्रारंभीच्या प्रकारांतील बचाव आसन जमिनीलगत असताना उपयोगी पडत नसे; ही उणीव पुढील प्रकारांत सुधारित आसनाने बरीचशी दूर झाली.

अपघात व त्यांची कारणे : मिग जातीच्या ८७२ विमानांपैकी ४८२ विमाने सु. ४० वर्षांत अपघातग्रस्त झाली व त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले, असे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत सांगितले. हे आकडे पाहताना, वायुसेनेच्या ताफ्यात दीर्घकाळ मिग-२१ चेच प्रमाण सर्वांत मोठे होते व उड्डाणेही त्याचीच अधिक होत, हे ध्यानात घ्यावे लागते.

कारणांची चर्चा बहुधा ‘यंत्रातील दोष’ व ‘वैमानिकाची चूक’ अशा दोन सदरांत केली जाते. प्रत्यक्षात ही सदरे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. किरणसारख्या मंदगती प्रशिक्षण विमानावर शिकलेला तरुण वैमानिक थेट मिग-२१ वर येत असे. या दोहोंमधील अंतर भरून काढण्यासाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये केली होती. परंतु हॉक विमानांचा करार होण्यास २००४ साल उजाडले. अशा वैमानिकाच्या हातून चूक घडली, तर तिचा उगम केवळ त्याच्या हातात शोधणे पुरेसे होत नाही. शिवाय १९९१ मध्ये सोव्हिएट संघराज्य कोसळल्यावर सुट्या भागांचा पुरवठा विस्कळित झाला आणि नवी विमाने न आल्याने जुन्यांचे आयुष्य वाढवावे लागले.

लोकमत व न्यायालय : फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ हे तरुण मराठी वैमानिक सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानातील सुरतगढ येथे रात्रीच्या उड्डाणात मृत्युमुखी पडले. दोष वैमानिकाचा, हा निष्कर्ष त्यांच्या आईवडिलांनी मान्य केला नाही. आई कविता गाडगीळ यांनी हवाई सुरक्षिततेसाठी जाहीर मोहीम चालविली व घराघरांत बोलला जाणारा हा विषय सार्वजनिक चर्चेत आणला. मे २००२ मध्ये जालंदर येथे वस्तीवर विमान कोसळून आठ नागरिक ठार झाले, तेव्हा ही चर्चा अधिकच तीव्र झाली.

जानेवारी २००५ मधील अपघातात जायबंदी झालेले विंग कमांडर संजीत सिंग कैला यांनी पुढे दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. विमानाच्या निर्मितीतच दोष होता, हे त्यांचे म्हणणे न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केले आणि हिंदुस्थान एरॉनॉटिक्स व केंद्र शासन यांनी मिळून ५५ लाख रु. भरपाई द्यावी, असा आदेश दिला. सैनिकी सेवेत धोका गृहीत असतो. परंतु सदोष यंत्रामुळे वाढलेला धोका त्यात मोडत नाही, हे या निर्णयाचे सार होय.

पश्चिम जर्मनीलाही असाच अनुभव आला. तेथील ९१६ एफ-१०४ विमानांपैकी २९२ नष्ट झाली व शंभराहून अधिक वैमानिक प्राणास मुकले. मृतांच्या कुटुंबीयांनी उत्पादक कंपनीवर दावे लावले.

सुधारणा व निवृत्ती : १९९६ च्या करारानुसार १२५ बिस विमानांना नवे रडार व शस्त्रप्रणाली देऊन ‘बायसन’ हा प्रकार करण्यात आला, त्यांपैकी बहुतेक काम ओझर येथेच झाले. विमानाची मारकशक्ती त्यामुळे वाढली, पण सांगाडा व एकमेव एंजिन जुनेच राहिले. मे २०२३ मध्ये राजस्थानातील हनुमानगढ येथे घरावर विमान पडून तीन ग्रामस्थ ठार झाले. अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी, जेथे ते प्रथम दाखल झाले त्या चंडीगढ येथेच, मिग-२१ ला निरोप देण्यात आला.

ओझरच्या कारखान्याने दरम्यान मिग-२७ व सुखोई-३० विमाने बांधली. येथे तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उड्डाण केले. मिग-२१ चा इतिहास या नव्या पर्वास मार्गदर्शक आहे. यंत्राची सुरक्षितता ही केवळ अभिकल्पात नसते. कारागिराचा सांधा, सुट्या भागांचा वेळेवर पुरवठा, वैमानिकाचे टप्प्याटप्प्याचे शिक्षण व जुने यंत्र वेळीच बाजूस ठेवण्याचा निर्णय या सर्वांवर ती अवलंबून असते. यांतील एकही कडी निखळली, तर तिची किंमत बहुधा निर्णय घेणाऱ्यास नव्हे, तर वैमानिकास व खाली राहणाऱ्या ग्रामस्थास मोजावी लागते.