नॉबही आवाजाचाच भाग : डिजिटल गिटार अँपच्या अभ्यासाची प्रस्तावना

इलेक्ट्रिक गिटारचा म्हणून जो आवाज आपल्या कानात बसला आहे, तो घडवण्यात तारेइतकाच अँपचाही हात असतो. झेपेल त्याहून मोठा संकेत आला की व्हॉल्व्ह त्याची टोके चेपतो. जोरात छेडलेल्या स्वराबरोबर आतल्या वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर उतरतो आणि पुन्हा सावरतो. बारा इंची कागदी शंकूचा स्पीकर तर वरच्या कंप्रता फारशा पुढे जाऊच देत नाही. अभियंत्याच्या लेखी हे सगळे दोष; रॉक आणि ब्लूजच्या वादकांनी मात्र याच दोषांतून आपली शैली घडवली. डिजिटल अँप मॉडेलर हेच दोष गणिताने पुन्हा निर्माण करतो. त्यात ना व्हॉल्व्ह असतो, ना अवजड ट्रान्सफॉर्मर. सेकंदाला बहुधा ४८,००० वेळा संकेत मोजून त्यावर आकडेमोड करणारी चिप, एवढेच त्याचे भांडवल.

या यंत्रांच्या अभ्यासाकडे विद्यार्थी निरनिराळ्या वाटांनी येतात. कुणी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला असतो, कुणी रोज गिटार वाजवणारा, तर कुणाला वस्तू माणसाच्या हातात कशा बसतात याचे कुतूहल असते. या तिघांनीही आपापली शिदोरी घेऊन येथे यावे. फक्त आपल्या शिदोरीतच सगळा विषय सामावला आहे, ही समजूत बाहेर ठेवावी.

उंबरठ्यावरच एक जुना वाद भेटतो. मॉडेलरमध्ये मोलाचे काय, आवाजाचा अस्सलपणा की हाताळण्याची सोय? एक पक्ष म्हणतो, आवाज खरा असेल तर मेनूच्या चार पायऱ्या उतरायला आमची हरकत नाही. दुसरा म्हणतो, वाजवता वाजवता जो आवाज हाती लागत नाही तो असून नसल्यासारखा. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की आधी आवाज तयार होतो आणि मागाहून त्यावर बटणे बसवली जातात. हे गृहीतकच तपासावे, असा या प्रस्तावनेचा आग्रह आहे. कोणता नॉब किती खरा असणार, हे बरेचसे अँपचे गणिती प्रतिमान कोणत्या पद्धतीने बांधायचे हे ठरते त्याच वेळी ठरून जाते.

इतिहास थोडक्यात पाहू. टॉम शोल्झ यांचा १९८२चा रॉकमन आणि अँड्र्यू बार्टा यांचा १९८९चा सॅन्सअँप हे ॲनालॉग पूर्वज. १९९५मध्ये रोलंडचा व्हीजी-८ आला, १९९६मध्ये लाइन सिक्सचा ॲक्ससिस २१२ आणि १९९८मध्ये त्याच कंपनीचा लाल रंगाचा, टेबलावर मावणारा पॉड. पॉडचा आवाज आजच्या कसोटीला कदाचित उतरणार नाही, पण त्याच्या माथ्यावर ड्राइव्ह, बास, मिडल, ट्रेबल हे ओळखीचे नॉब होते. अँप निवडायचा तोही नॉब फिरवूनच. २००६मध्ये फ्रॅक्टल ऑडिओच्या ॲक्स-एफएक्सने दुसरे टोक गाठले. त्याचे प्रतिमान खोलवर जाणारे होते, आणि ती खोली गाठायला छोट्या पडद्यावर पानामागून पान उलटावे लागे. २०११मध्ये क्रिस्टोफ केम्पर यांच्या प्रोफायलिंग अँपने खऱ्या अँपसमोर मायक्रोफोन ठेवून त्याचे ‘प्रोफाइल’ घेण्याची पद्धत रूढ केली. २०१५च्या हेलिक्समध्ये लाइन सिक्सने फूटस्विचांना छोट्या नावपट्ट्या आणि स्पर्शाची जाण दिली. २०२१पासून ग्राहकांच्या हाती पडू लागलेल्या न्यूरल डीएसपीच्या क्वाड कॉर्टेक्समध्ये सात इंची टचस्क्रीन आहे, शिवाय पायाने दाबायचे स्विच बोटांनी नॉबसारखे फिरवताही येतात. मधल्या काळात, २०१९मध्ये, फेंडरने अगदीच वेगळी वाट धरली. टोन मास्टर मालिकेतला डिजिटल ट्विन रिव्हर्ब एकाच अँपची नक्कल करतो आणि त्याचे पुढचे पॅनेल जवळजवळ जुन्यासारखेच आहे. व्हॉल्व्हच्या ट्विनचे सुमारे २९ किलो वजन मात्र त्यात १५ किलोंवर आले आहे.

आता प्रतिमानांच्या पद्धतींकडे वळू, कारण सगळी मेख तेथे आहे. पहिल्या पद्धतीत अँपच्या सर्किटचा आराखडा समोर ठेवून त्यातल्या रेझिस्टर, कपॅसिटर आणि व्हॉल्व्हची समीकरणे सोडवतात. दुसऱ्या पद्धतीत आत डोकावायचेच नाही. अँपमध्ये काय शिरले आणि त्यातून काय बाहेर पडले हे ताडून न्यूरल नेटवर्कला नक्कल शिकवायची. स्टीव्हन ॲटकिन्सन यांचा न्यूरल अँप मॉडेलर हा मुक्त स्रोत प्रकल्प या दुसऱ्या वाटेचा. पहिली पद्धत म्हणजे घराचा नकाशा, दुसरी म्हणजे घराचा फोटो. फोटो हुबेहूब असेल, पण त्यातली खिडकी उघडत नाही.

खिडकी न उघडण्याचा अर्थ असा. एका सेटिंगवर घेतलेल्या कॅप्चरमध्ये, म्हणजे अशा फोटोत, ट्रेबलचा नॉब फिरवला, तर सहसा फिरतो तो वरून जोडलेला सर्वसाधारण इक्वलायझर. मूळ अँपमध्ये ट्रेबल, मिडल आणि बास एकाच जाळ्यात गुंतलेले असतात. एक हलवला की इतर दोघांचा परिणामही बदलतो. ते नाते कॅप्चरमध्ये उतरत नाही. उतरवायचे तर नॉबच्या अनेक स्थानांवर मोजमापे घ्यावी लागतात. सहा नॉबचा अँप घेतला आणि प्रत्येकाची फक्त पाच स्थाने धरली, तरी १५,६२५ जुळण्या होतात. त्यातल्या निवडक मोजून उरलेल्यांचा अंदाज बांधणे हा सध्याच्या संशोधनातला एक जिवंत प्रश्न आहे. नकाशाच्या पद्धतीत नॉब आपोआप मिळतो, कारण तो समीकरणातच बदलता रेझिस्टर म्हणून बसलेला असतो. तेथे किंमत मोजावी लागते ती आकडेमोडीत आणि प्रत्येक सुट्या भागाचे वागणे नेमके पकडण्याच्या कष्टांत.

एक अँप जवळून पाहू. मार्शलचा १९५९ सुपर लीड हा शंभर वॅटचा अँप. १९५९ हे साल नव्हे, मॉडेलचा क्रमांक. त्याला दोन चॅनेल, चार जॅक आणि दोन व्हॉल्यूम. मास्टर व्हॉल्यूम नाही, म्हणजे टोके चेपून येणारे डिस्टॉर्शन हवे तर आवाज वाढवण्यावाचून गत्यंतर नाही. वादकांनी एक युक्ती काढली: वीतभर केबलने दोन्ही चॅनेल एकमेकांना जोडायचे आणि दोन व्हॉल्यूम कमीजास्त करत आपले मिश्रण शोधायचे. मॉडेलरमध्ये ही केबल कुठे ठेवणार? अनेक यंत्रांत तिचा यादीतला एक पर्याय झाला आहे. एकाच अँपची नॉर्मल, ब्राइट आणि जंप अशी तीन नावे दिसतात. आवाज तिन्हींचा बरोबर असतो, पण ज्याने ती केबल कधी पाहिलेली नाही त्याला हे तीन वेगळे अँप वाटतात. शिवाय मूळ अँपला नसलेला मास्टरचा नॉब येथे बहुधा हजर असतो. नवख्याने तो सवयीने निम्म्यावर ठेवला, की पॉवर अँपचे डिस्टॉर्शन निघून जाते आणि ‘हा मार्शल वाटत नाही’ असा शेरा बसतो.

असाच घोटाळा नॉबवरच्या आकड्यांतून होतो. अँपच्या व्हॉल्यूमला बहुधा ऑडिओ टेपरचा पोटेन्शियोमीटर असतो. तो मध्यावर आणला तरी त्याचा रोध निम्मा होत नाही, साधारण १० ते १५ टक्क्यांपर्यंतच पोचतो. कानाला आवाजाची वाढ समान वाटावी म्हणून केलेली ती योजना आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने पाचच्या आकड्याला सरळ ५० टक्के धरले, तर समीकरणे निर्दोष असूनही जुन्या अँपवर हात बसलेल्या वादकाला चारवर भलताच आवाज मिळेल. तो दोष देईल आवाजाला, चूक असेल नॉबच्या मापनात.

उलट दिशेनेही उदाहरणे सापडतात. डिस्टॉर्शनमुळे नव्या, वरच्या कंप्रता तयार होतात. ४८ किलोहर्ट्झच्या यंत्रात २४ किलोहर्ट्झच्या पलीकडच्या कंप्रता खाली दुमडून बेसूर खरखर करतात. ती टाळायला आतल्या आत सँपलिंगचा वेग कित्येक पटींनी वाढवावा लागतो, आणि चिपची ताकद तर ठरलेली. हेलिक्समध्ये ताकद संपत आली की न मावणारी मॉडेल यादीत फिकी पडतात. म्हणजे ध्वनीच्या शुद्धतेचा हिशेब वादकाला थेट पडद्यावर दिसतो. तीच गत प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेली मांडणी, बदलण्याची. नवे प्रीसेट म्हणजे चिपमध्ये नवी आकडेमोड भरणे, त्यात आवाज क्षणभर तुटू शकतो. यावर तोड म्हणून मांडणी तीच ठेवून फक्त नॉबच्या किमती बदलणारे ‘सीन’ आणि ‘स्नॅपशॉट’ निघाले. इंटरफेसमधल्या या सोयीचे मूळ चिपच्या मर्यादेत आहे.

कानाचाही हिशेब ठेवावा लागतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवून दिले, की आवाज लहान असताना मधल्या पट्टीच्या तुलनेत खर्ज आपल्याला कमी ऐकू येतो. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या भीतीने हळू आवाजात बांधलेला प्रीसेट मंचावर मोठा झाला की खर्जाने गढूळ का होतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी यात आहे. मॉडेल तेच, फाइल तीच, तरी आवाज वेगळा. अशा वेळी मंचावर एका फिरकीत सगळ्या प्रीसेटचा खर्ज उतरवणारा नॉब समोर असणे, हा आवाजाच्या दर्जाचाच मुद्दा होतो.

या विषयाचे अभ्यासकही दोन मांडवांत विभागलेले आहेत. संकेतप्रक्रियेची मंडळी १९९८पासून भरणाऱ्या डिजिटल ऑडिओ इफेक्ट्स परिषदेत भेटतात, तर वाद्यांच्या इंटरफेसवर काम करणारी २००१मध्ये सुरू झालेल्या नाइम परिषदेत. वाचनाची सुरुवात यिरी पाकारिनेन आणि डेव्हिड ये यांच्या कॉम्प्युटर म्युझिक जर्नलमधल्या २००९च्या आढाव्याने करावी. नकाशाच्या पद्धतींचा तो उत्तम वाटाड्या आहे. न्यूरल नेटवर्कसाठी फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातले काम पाहावे. त्यासोबत डोनाल्ड नॉर्मन यांचे १९८८चे रोजच्या वस्तूंच्या रचनेवरचे पुस्तक आणि लक्ष्य जितके लहान व दूर तितका वेळ जास्त, हा पॉल फिट्स यांचा १९५४चा नियम ठेवावा. अंधाऱ्या मंचावर बुटाने योग्य तो स्विच शोधणाऱ्या वादकाला हा नियम कुणी शिकवावा लागत नाही.

ऐकण्याच्या चाचण्यांविषयी एक सावधगिरी. डोळ्यांआड खरा अँप आणि मॉडेलर ऐकवून फरक ओळखायला लावणे ही चांगली कसोटी आहे. ती टाळू नये. पण तेथे ऐकणारा खुर्चीत बसलेला असतो आणि सेटिंग दुसऱ्याने लावलेले असते. वाजवणाऱ्याचे हात, कान आणि यंत्र यांच्यात चालणारी देवघेव त्या चाचणीत येत नाही. दोन-चार मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे स्पीकरपासून मीटरभर लांब उभे राहणे. श्रोत्याला त्याचा पत्ताही लागणार नाही, पण यंत्रामागून यंत्र जोडत विलंब साठत गेला की वादकाच्या बोटांना तो जाणवू लागतो.

सोयीचा पक्ष नेहमी बरोबर असतो, असेही नाही. स्टुडिओत एका गाण्यासाठी एकच टोन लागतो. तो लावायला तासभर गेला तरी बिघडत नाही, तेथे उत्तम फोटोच बाजी मारतो. जुन्या पॅनेलची नक्कल हीदेखील दर वेळी सोय नसते. व्हॉक्स एसी-३०चा ‘कट’ हा नॉब वाढवला की वरचे स्वर कमी होतात. मूळ अँप वापरलेल्याला ही ओळखीची खूण, नवशिक्याला कोडे. कोणासाठी आणि कोणत्या प्रसंगासाठी, हे विचारल्याशिवाय कोणताच निवाडा करू नये.

मराठी विद्यार्थ्याला यासाठी हाताशी असलेले क्षेत्र म्हणजे ऑर्केस्ट्रा. गणेशोत्सवात नाहीतर जत्रेत वाजवणाऱ्या गिटारवादकाला एका रात्रीत जुनी हिंदी गाणी, लावणी, कोळीगीत आणि रॉकच्या ढंगाचे नवे गाणे पाठोपाठ वाजवावे लागते, तेही अनेकदा अँपशिवाय, थेट मिक्सरमध्ये. त्याने कोणते प्रीसेट कोणत्या क्रमाने लावले आहेत, मंचावर काय बदलतो आणि कशाला हातही लावत नाही, याच्या नोंदी घेतल्या तरी चांगला प्रबंध उभा राहील.

सुरुवातीला एक छोटा स्वाध्याय सुचवतो. तीन मॉडेलर आणि वेगवेगळ्या अनुभवाचे चार-पाच वादक घ्या. सगळ्यांना एकच संदर्भ टोन ऐकवा आणि प्रत्येक यंत्रावर तो शोधायला सांगा. लागलेला वेळ, चुकलेल्या वाटा आणि शेवटी हाती आलेल्या टोनचे संदर्भ टोनपासूनचे अंतर, या तिन्हींची नोंद करा. यंत्राच्या आत उत्तम मॉडेल दडलेले असूनही वादक त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, तर तो निकाल कोणत्या रकान्यात लिहायचा यावर तुमची अडखळ होईल. त्या अडखळीपासून तुमच्या अभ्यासाला सुरुवात करा.