पेन्शनपुरा

हिंगोलीला गेलं की रिसाला, पलटण, तोफखाना ही नावं सहज कानावर पडतात. वऱ्हाडच्या सीमेवरच्या या गावात हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या खर्चानं चालणाऱ्या फौजेची छावणी होती, तिची ही आठवण. रिसाला घोडदळाचा, पलटण पायदळाची. याच नावांत एक नाव लढून थांबलेल्यांचं आहे: पेन्शनपुरा.

‘पुरा’ संस्कृत ‘पुर’पासून आला. ‘पेन्शन’ इंग्रजीतून आली. तिच्या लॅटिन मुळाशी वजन करणं, तोलून पैसे देणं हा अर्थ आहे. चाकरी तोलून दिलेला पैसा आणि त्यावर वसलेली वस्ती, असा हा जोडशब्द.

कंटिंजंटचा खर्च निजामाला झेपेना, तेव्हा १८५३च्या तहानं तिच्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०३ साली कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन झाली, छावणी उठली. पेन्शनपुरा राहिला.

सैनिकाचं घर आजही पेन्शनीतूनच उभं राहतं. निवृत्त होताना तो पेन्शनीचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा एकरकमी घेऊ शकतो. आपल्याकडे त्याला ‘पेन्शन विकणं’ म्हणतात. तेवढा हिस्सा पुढे दरमहा पेन्शनीतून कापला जातो. म्हणजे नाव विक्रीचं, वागणं कर्जाचं. पूर्वी विकलेला हिस्सा कायमचा जाई. ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि १५ वर्षांनी पूर्ण पेन्शन परत मिळण्याची वाट मोकळी झाली.

अमेरिकेनं सैनिकांसाठीच्या १९४४च्या ‘जीआय बिल’ या कायद्यात घरासाठी दुसरी रीत काढली. कर्ज बँकेचं, हमी सरकारची. निव्वळ भाड्यानं देण्यासाठी या हमीवर घर घेता येत नाही. सैनिकानं स्वतः त्यात राहायला हवं. मात्र चार बिऱ्हाडांपर्यंतची इमारत चालते. एकात आपण राहावं, बाकीची भाड्यानं द्यावीत.

आपला फौजीही हेच करतो. जवान बहुधा चाळिशीच्या आसपास घरी येतो. मुलांची शिक्षणं, लग्नं पुढेच असतात. म्हणून पेन्शन विकून तालुक्याच्या गावी दोन मजले चढवावेत, एकावर आपण राहावं, दुसरा भाड्यानं द्यावा, हा हिशेब मला शहाणपणाचा वाटतो. कापल्या गेलेल्या पेन्शनीची काही भरपाई भाड्यातून होते. पंधरा वर्षांनी पेन्शन पुन्हा पुरी होते, आणि तोवर घरही आपलं झालेलं असतं.