अपत्यमर्यादा (महाराष्ट्र)

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यत्वासाठी घातलेली अपत्यसंख्येची अट. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार दोनपेक्षा अधिक अपत्ये असलेली व्यक्ती अपात्र ठरते. १२ सप्टेंबर २००१ पर्यंतची अपत्ये मात्र, पुढे संख्या वाढली नाही तर, आड येत नाहीत. पहिल्या अपत्यानंतर जुळे झाले तर ते एकच धरतात. उमेदवारी अर्जासोबत अपत्यांचे घोषणापत्र द्यावे लागते. तक्रार झाल्यास जन्मनोंदवही व शाळेचा दाखला पुढे येतो आणि निर्णय जिल्हाधिकारी देतात.

पूर्वपीठिका : र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ पासून. सक्तीच्या नसबंदीचे १९७६ चे विधेयक विधिमंडळात मंजूर झाले, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने बारगळले.

परिणाम : जननदर या अटीमुळे घटला, असे समर्थक मानतात, आकडे तसे सांगत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये १९९२-९३ मध्ये २.८६ आणि १९९८-९९ मध्ये २.५२ होती, म्हणजे घट अटीच्या आधीच सुरू झाली होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण १.७१ वर आले. अशी अट न घालता केरळ त्याआधीच २.१ च्या खाली गेले होते. मुलींचे शिक्षण, लग्नाचे वाढलेले वय, बालमृत्यूंतील घट आणि हाताशी असलेली शस्त्रक्रियेची सोय ही कारणे अधिक पटणारी आहेत. कायद्यामुळे निदान पुढाऱ्यांनी उदाहरण घालून दिले, हा समर्थकांचा युक्तिवाद उरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणातील अशीच अट वैध ठरवली, हेही खरे. पण वैध असणे म्हणजे परिणामकारक असणे नव्हे. शिवाय तिसऱ्या बाळंतपणाचा निर्णय अनेक घरांत एकट्या बाईच्या हाती नसतो, अपात्रता मात्र तिच्याही वाट्याला येते. निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असलेल्या राज्यात हा भार हलका नाही. शस्त्रक्रियाही जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचीच होते. पुरुष नसबंदीचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत आहे. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली १९९१ मध्ये ९४६, २०११ मध्ये ८९४ होत्या. ही घसरण केवळ या अटीची म्हणता येत नाही, तरी मुलाची ओढ कायम असताना दोनचे बंधन मुलीच्या जन्मावरच येते. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये अट रद्द केली. जननदर इतका खाली आल्यावर महाराष्ट्रानेही ती काढून पैसा व लक्ष प्रसूतिसेवेकडे आणि मुलींच्या शाळेकडे वळवणे रास्त ठरेल.