पांडव, मुम्मुणी आणि सोड्ढल

अंबरनाथच्या शिवमंदिराची गोष्ट गावात आजही पांडवांपासून सुरू होते. त्यांनी एका रात्रीत देऊळ उभारायला घेतलं, तेवढ्यात उजाडलं आणि शिखर अर्धवट राहिलं. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की डोक्यावर मोकळं आभाळ दिसतं, त्यामुळे गोष्ट चटकन पटते. सह्याद्रीत कोरीव दगड दिसला की तो पांडवांच्या नावावर जमा होतो. नाशिकची बौद्ध लेणीसुद्धा पांडवलेणीच.

उत्तर दाराच्या तुळईवरचा संस्कृत लेख मात्र वेगळी नावं सांगतो: उत्तर कोकणचा शिलाहार राजा छित्तराज आणि त्याचा भाऊ मुम्मुणी. सोबत अमात्यांचीही नावं आहेत. भाऊ दाजी लाडांनी हा लेख वाचला तेव्हा वर्ष लावलं शके 782. पुढे त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या भगवानलाल इंद्रजींनी तो पुन्हा तपासला आणि पहिला आकडा सातऐवजी नऊ वाचला. शके 982, म्हणजे इ.स. 1060. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षं अलीकडे आलं! छित्तराजाच्या काळात सुरू झालेलं काम मुम्मुणीच्या कारकिर्दीत पुरं झालं, असं अभ्यासक मानतात.

वालधुनी नदीकाठी भूमिज शैलीचं हे देऊळ घडत होतं, त्याच पिढीत शिलाहारांच्या ठाण्याच्या दरबारात एक कवी वावरत होता. त्याचं नाव सोड्ढल. तो मूळचा लाटदेशचा, म्हणजे दक्षिण गुजरातचा, कायस्थ. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी या तिन्ही भावांनी त्याचा मान राखला. त्याची ‘उदयसुंदरीकथा’ गद्यपद्यमिश्रित चंपू आहे, आठ उच्छ्वासांची, म्हणजे प्रकरणांची. बाणभट्ट हा त्याचा आदर्श. बाणाप्रमाणेच त्याने आपलं कुळ आणि आपले आश्रयदाते यांची हकिकत ग्रंथातच लिहून ठेवली. स्वतःविषयी मौन पाळणाऱ्या संस्कृत कवींच्या गर्दीत हे मोठं धाडस होतं. आपल्या जिल्ह्यात हजार वर्षांपूर्वी असा गद्यकार होऊन गेला, हे ठाणे-अंबरनाथच्या शाळांतून मुलांना सांगायलाच हवं.

त्याचा ग्रंथ 1920 मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत छापला गेला. ताम्रपट आणि शिलालेख यांतून जुळवलेला तीन भावांचा गादीवर येण्याचा क्रम अभ्यासकांना त्यामुळे एका समकालीन कवीच्या साक्षीशी ताडून पाहता आला.