एका पैशाची तफावत

छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेल्या शाहूपुरी पेठेमुळे कोल्हापुरास गुळाची बाजारपेठ म्हणून जो लौकिक लाभला, त्याचे श्रेय कसदार उसाला आणि गुळव्याच्या हाताला जितके, तितकेच अडतीच्या पेढीवर कीर्द-खतावणी राखणाऱ्या दिवाणजींनाही आहे, असे मला मनापासून वाटते. कारण अडत, तोलाई, हमाली वजा जाता शेतकऱ्याच्या पट्टीवर उरणारी रक्कम बिनचूक असेल, तरच पेठेवरचा त्याचा भरवसा टिकतो.

बेरीज जमली नाही, की नऊचा ताळा पाहावयाचा, हा जुना शिरस्ता. परंतु खतावताना ५४ चे ४५ झाले, तर दोहोंतील अंकांची बेरीज नऊच येत असल्याने हा ताळा मुकाट्याने जमतो आणि चूक तशीच दडून राहते. अशा वेळी मुरलेला हिशेबनीस बेरजा पुन्हा करीत बसत नसे. तो तफावतीलाच नऊने भागून पाही, आणि भाग निःशेष गेला, की अंकांची उलटापालट कोठे झाली आहे ते शोधू लागे.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा मात्र कोणाचाही हात न चुकता हिशेब चुकू लागण्याची सोय झाली. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाल्याने आण्याचे मोल सव्वासहा पैसे ठरले, आणि अर्धा वा त्याहून कमी अपूर्णांक सोडून देण्याच्या नियमाने त्याचे सहाच पैसे हाती येऊ लागले. एकेका आण्याच्या चार रकमा निरनिराळ्या बदलल्या तर चोवीस पैसे, आणि त्यांची आधी पावली करून ती बदलली तर पंचवीस! येथे बेरीज निर्दोष होती. तफावत होती ती आधी बदलावे की आधी मिळवावे, या क्रमात.

आज संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यात हाच पैसा उलट्या बाजूने प्रकटतो. सव्वासहा रुपयांच्या चार रकमा दशांशाविना दाखविण्यास सांगितल्या, तर प्रत्येक घरात ६ दिसतो आणि तळाशी २५ उमटतात. सूत्र बिघडले असे वाटते, पण तक्त्याने पाव रुपया केवळ दृष्टीआड केलेला असतो, पोटात तो तसाच असतो. पट्टीवर सहाच छापावयाचे असतील, तर बेरजेपूर्वीच प्रत्येक रक्कम राउंडच्या सूत्राने सहावर आणावी लागते. अन्यथा पट्टी हाती घेऊन दाराशी उभा असलेला शेतकरी बोटांवर चोवीस मोजतो, आणि त्याचे मोजणे चुकलेले नसते.