सोलनचं पाणी, कसौलीची भट्टी

कालक्याहून सिमल्याला निघालेली छोटी गाडी सोलन स्टेशन सोडते आणि थोड्याच वेळात डोंगराच्या कुशीत एक पाटी दिसते : ‘सोलन ब्रुअरी’. रेल्वेच्या थांब्याला देवाचं, गावाचं, फार तर एखाद्या साहेबाचं नाव असायचं. इथे ते बिअरच्या कारखान्याचं आहे. यात नवल वाटायचं कारण नाही. ही अडीच फुटी रेल्वे सुरू झाली १९०३ साली, आणि कारखाना त्याआधीचा. खिडकीतून पत्र्याची उतरती छपरं दिसतात, आणि वारा योग्य दिशेचा असेल तर भाजलेल्या धान्याचा उबदार, किंचित गोडसर वास डब्यात शिरतो. मोड आलेले जव भट्टीत वाळवताना असाच वास सुटतो. दारूच्या गुत्त्याच्या वासाशी त्याचं काहीही नातं नाही. डोळे मिटले तर बेकरीच जवळ आली असं वाटेल.

या संस्थेचं आजचं नाव मोहन मीकिन. ‘ओल्ड मंक’ रम हे तिचं अपत्य इतकं नावारूपाला आलं, की आईबापांची चौकशी फारसं कोणी करत नाही. ती करायची तर सोलनहून थोडं मागे, कसौलीला जावं लागतं.

कसौली सुमारे ६,००० फुटांवर. इंग्रजांनी १८४२ मध्ये इथे छावणी वसवली. त्या काळी इंग्लंडहून बिअर यायची ती पिंपांत भरून, आफ्रिकेला वळसा घालून. प्रवास चारसहा महिन्यांचा. पोचेपर्यंत काही पिंपं गळायची, काही आंबायची, उरलेल्याची किंमत सैनिकाच्या पगाराला परवडायची नाही. मग तो देशी अरकाकडे वळे आणि इस्पितळात भरती होई. बिअर इथेच करावी हा विचार त्यातून आला. पण मैदानी मुलखात ते जमेना. जव भिजवून, मोड आणून, वाळवून, भरडून गरम पाण्यात त्याचा गोड रस काढणं कुठेही शक्य आहे. पुढे यीस्टचं काम सुरू झालं की ते बेताच्या थंडीत व्हावं लागतं. बर्फाची यंत्रं येण्याआधी ती थंडी फक्त डोंगरातच मिळत होती. त्यामुळे छावण्यांच्या मागोमाग ब्रुअऱ्याही डोंगर चढल्या.

कसौलीच्या ब्रुअरीच्या स्थापनेची दोन सालं सांगितली जातात. कंपनीच्या परंपरेत १८२० चं कौतुक आहे, इतर ठिकाणी १८५५. मला दुसरं पटतं. १८२० साली कसौलीला छावणीच नव्हती; मग बिअर प्यायला होतं कोण? एडवर्ड डायर या माणसाने तिथे ब्रुअरी काढली आणि ‘लायन’ बिअर बाजारात आणली, एवढं सर्वमान्य आहे. आशियातली पहिली बिअर म्हणून आजही तिचं नाव घेतलं जातं. १८५७ नंतर हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणी वाढल्या, आणि गिऱ्हाइकाची चिंता मिटली.

कसौलीला थंडी होती, पण पाणी अपुरं. एक भांडं बिअर करायला, धुणं-थंड करणं धरून, कित्येक भांडी पाणी लागतं. सोलनला झऱ्याचं गोडं पाणी मुबलक होतं. ब्रुअरी तिकडे हलली. कसौलीची जागा ओस पडली नाही. तिथे व्हिस्की गाळायचं काम चालू राहिलं, ते आजतागायत. व्हिस्कीलाही पाणी लागतं, पण बिअरच्या मानाने कमी. आणि पिंपात वर्षानुवर्षं सावकाश मुरायला थंड हवा सोयीची, ती कसौलीत होतीच.

आता या डायरविषयी. अमृतसरच्या जालियनवाला बागेत १३ एप्रिल १९१९ रोजी गोळीबाराचा हुकूम देणारा रेजिनाल्ड डायर हा या एडवर्डचाच मुलगा. त्याचा जन्म १८६४ चा, मरीचा. मरी म्हणजे आज पाकिस्तानातलं थंड हवेचं ठिकाण. तिथल्या ब्रुअरीचा कारभारही एडवर्डकडे होता. ती मरी ब्रुअरी १८६० सालची. म्हणजे ही सोलनची धाकटी बहीणच म्हणायची. फाळणीच्या धामधुमीत तिचं डोंगरातलं मूळ घर जळालं, ती रावळपिंडीत तगली आणि भंडारा या पारशी कुटुंबाकडे गेली. १९७७ पासून त्या देशात मुसलमानांना मद्यबंदी आहे, तरी ब्रुअरी चालू आहे. तिची कथा इथे आटोपती घेतो, कारण तिच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

नावातला दुसरा गृहस्थ एच. जी. मीकिन. १८८७ मध्ये त्याने सिमला आणि कसौलीच्या जुन्या ब्रुअऱ्या विकत घेतल्या, आणि मग रानीखेत, डलहौसी, चक्राता, दार्जिलिंग असे एकामागून एक डोंगर काबीज केले. या यादीत एकच नाव डोंगरातलं नाही, आणि ते आपलं आहे : खडकी. पुण्याच्या छावणीला लागून ब्रुअरी काढायचं धाडस मीकिनला झालं, कारण तोवर कृत्रिम थंडाव्याची यंत्रं आली होती. डोंगराची मक्तेदारी संपत चालल्याची ही खूण. पहिल्या महायुद्धानंतर डायर आणि मीकिन यांचे धंदे एकत्र आले. १९३७ मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाल्यावर हिंदुस्थानातल्या मालमत्तेची ‘डायर मीकिन ब्रुअरीज’ झाली.

मग गोरे गेले. गिऱ्हाईकही गेलं आणि मालकही. १९४९ मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांनी कंपनीचा ताबा घेतला. त्याच साली आपल्याकडे मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. देशभर हवा बंदीची असताना एका हिंदुस्थानी माणसाने ब्रुअरी घ्यावी, याला धंदेवाईक हिशेब म्हणण्यापेक्षा छातीच म्हणावी लागेल. त्यांनी पसारा खाली उतरवला : लखनौ, गाझियाबाद, आणि बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोली. गाझियाबादच्या वसाहतीला त्यांचंच नाव पडलं, मोहननगर. साठच्या दशकात कंपनीच्या नावातला ‘डायर’ गळाला आणि ‘मोहन’ आला. ‘मीकिन’ मात्र राहिला. कागदोपत्री कारण काहीही असो, स्वतंत्र भारतात बाटलीवर डायरचं नाव नको, हे कोणालाही कळेल.

डिसेंबर १९५४ मध्ये ओल्ड मंक आली. ती उसाच्या मळीपासून होते, जवापासून नाही. सात वर्षं लाकडी पिंपांत मुरते. बुटकी, खरबरीत काचेची ती बाटली अंधारातही हाताला ओळखू येते. लष्कराच्या कॅन्टीनमधून रम देशभर पसरली. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी गाव घ्या किंवा फौजेत माणसं असलेलं दुसरं कुठलंही. सुट्टीवर आलेल्या जवानाच्या ट्रंकेतली बाटली ही त्या घरांतली परिचयाची गोष्ट. कोकणात हिवाळ्यात खोकल्यावर दोन चमचे रम देणाऱ्या, एरवी दारूच्या नावाने बोटं मोडणाऱ्या आज्या पुष्कळांनी पाहिल्या असतील.

नरेंद्रनाथांच्या निधनानंतर थोरले चिरंजीव व्ही. आर. मोहन आले, पण १९७३ मध्ये तेही गेले. धाकटे ब्रिगेडियर कपिल मोहन यांनी पुढची चाळीसहून अधिक वर्षं सूत्रं सांभाळली. रसाचे डबे, व्हिनेगर, कॉर्नफ्लेक्स असा फाटा त्यांच्या काळात वाढला. १९८२ मध्ये नावातून ‘ब्रुअरीज’ हा शब्दही काढला गेला. हा माणूस स्वतः दारूला शिवत नसे, आणि जाहिरात करत नसे. बाकीच्या कंपन्यांनी सोडा, पाणी, कॅसेट यांच्या आडून आपली नावं घरोघर पोचवली. यांनी तेही केलं नाही. त्याबद्दल त्यांचं फार कौतुक होतं, आणि मला त्यातलं अर्धंच मान्य आहे. माल चांगला असला की तो स्वतः बोलतो हे १९७० साली खरं होतं. पुढे दुसऱ्यांच्या रमी पुढे निघून गेल्या, दुकानदाराच्या फळीवर ओल्ड मंक मागच्या रांगेत सरकली, आणि २०१५ मध्ये तर ती बंद होणार अशी आवई उठली. चाहते हळहळले, कंपनीला खुलासा करावा लागला. २०१८ च्या जानेवारीत कपिल मोहन वारले. आता पुतण्यांची पिढी कारभार पाहते.

या सगळ्यात कसौलीची भट्टी लहान ती लहानच राहिली, आणि माझ्या मते संस्थेचा खरा ऐवज तोच आहे. आपल्याकडे व्हिस्की म्हणून विकली जाणारी बहुतेक दारू मळीच्या मद्यार्कात थोडी माल्ट मिसळून केलेली असते. युरोपात तिला व्हिस्की म्हणता येणार नाही. कसौलीत मात्र जवाची माल्ट तांब्याच्या भांड्यांत गाळतात. पद्धत जुनीच. आंबवलेल्या रसात सातआठ टक्के मद्यार्क असतो. पहिल्या गाळणीत तो वीसपंचवीस टक्क्यांवर येतो, दुसरीत साठसत्तरवर. आपल्याकडे हातभट्टीवाला ‘पहिल्या धारेची’ म्हणून मिशीला पीळ देतो; इथे तीच पहिली धार बाजूला काढतात, कारण नको ती द्रव्यं आधी वर येतात. मधली धार पिंपात जाते, शेवटचीही परत फिरते. मग वाट पाहायची. गोव्यात किंवा बंगळूरला पिंपातला जवळपास दहावा हिस्सा दर वर्षी हवेत उडून जातो, स्कॉटलंडमध्ये जेमतेम दोन टक्के. कसौलीच्या थंडीत मालकाचं नुकसान कमी आणि माल मुरतो सावकाश. ‘सोलन नंबर वन’ ही इथली माल्ट व्हिस्की एके काळी देशात मानाने मागितली जाई. अलीकडे ‘सोलन गोल्ड’ नावाने सिंगल माल्टही निघाली आहे. जगभर भारतीय सिंगल माल्टला मागणी आलेली असताना सगळ्यात जुनं घराणं पंगतीत शेवटी बसलं, याची रुखरुख वाटते.

दुसरी रुखरुख कागदांची. खडकीपासून दार्जिलिंगपर्यंत पसरलेल्या, गोऱ्या पलटणींची आणि देशी जवानांची तहान भागवलेल्या या संस्थेची माहिती आज बाटलीवरच्या वेलबुट्टीत आणि ऐकीव गोष्टींत विखुरली आहे. मोहन कुटुंबाने आपली दप्तरं एखाद्या जाणत्या इतिहासकाराच्या हाती द्यावीत, १८२० की १८५५ हा वाद मिटवावा, आणि डायरचं प्रकरण न गाळता पुस्तक काढावं. त्याची जाहिरात त्यांनी केली तर कोणी नावं ठेवणार नाही.